एक सूत सोडून

अमरावती,
गुरुवार

तीर्थस्वरूप उस्मानचाचा यांस अपेक्षाचा सादर सलाम.

मायन्यावरून इथे थोडा वाद झाला. आईचं म्हणणं 'आदरणीय' पुरे, बाबांचं म्हणणं 'तीर्थरूप' लिही. शाळेत शिकवलेला नियम असा, की वडिलांना तीर्थरूप लिहायचं आणि वडिलांच्या जागी असलेल्यांना तीर्थस्वरूप. मी दुसरं लिहिलं आहे. ते नियमाला धरून आहे, त्यात भावनेचा काही भाग नाही.

ऑपरेशननंतर डावा डोळा कसा आहे? थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत. त्याचा तक्ता मी करून दिला होता, त्यावर खुणा होतात की नाही ते कळवावं. हिरवा चष्मा लावून तुम्ही ओट्यावर बसता आणि समोरच्या घराच्या फाटकाची वेल्डिंग कुठे चुकली ते जाणाऱ्या-येणाऱ्यांना सांगता, असं अकीलाआपा म्हणाल्या. फाटक लांबून बघायला हरकत नाही. उठून जवळ जाऊ नका, आणि घरमालकाला हाक मारून तर मुळीच सांगू नका. तुमच्या लेकीला त्याच गल्लीत राहायचं आहे.

तुम्हाला अजून वाचायची परवानगी नाही, म्हणून हे पत्र तुमची नात माहेनूर वाचून दाखवेल असं धरून लिहिते आहे. (माहेनूर, तू नववीत आहेस, म्हणजे कंस तुला कळतात. कंसातला मजकूर फक्त तुझ्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचायचा नाही. मध्येच का थांबलीस असं विचारलं तर "अक्षर लागत नाही" म्हणून सांग. माझं अक्षर चांगलं आहे, पण ती बदनामी मी सोसेन.)

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. तुमचा फोन अकीलाआपांनी कपाटात ठेवला आहे हे एक कारण. दुसरं असं, की फोनवर मी तीन वाक्यांच्या पुढे जात नाही आणि तुम्ही दुसऱ्या वाक्याला "हाव हाव बेटा, समजलं" म्हणून ठेवून देता. आज जे सांगायचं आहे ते चौथ्या वाक्यात येतं. पहिलं वाक्य: इथे सगळे ठीक आहेत. दुसरं: बाबांचं ब्लड प्रेशर गोळीने आटोक्यात आहे. तिसरं: आईने तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं घातलं आहे, त्यात तिखट कमी आहे आणि त्याबद्दल तक्रार चालणार नाही. चौथं: तुमचं कटर मशीन आता त्याच्या जागेवर नाही.

(माहेनूर, इथे थांब आणि त्यांच्याकडे बघ. चपला शोधायला लागले तर खाली बसव आणि पुढचा परिच्छेद लगेच वाच. काहीच बोलले नाहीत तर ते जास्त काळजीचं आहे, तरीही पुढचा परिच्छेदच वाच. तुझी अम्मी त्यांना आता अकोल्यातच ठेवून घ्यायचं म्हणते. "दुसरा डोळाबी इथंच करून घेऊ, मंग कायले परत जाता?" हे तिने मला स्वतः सांगितलं. ते आतापर्यंत नाही म्हणत आले आहेत. हे पत्र ऐकून हो म्हणाले, तर ते माझ्यामुळे. म्हणून हे पत्र मी तीनदा लिहिलं आहे. हा तिसरा खर्डा.)

मशीन विकलेलं नाही, हे आधी सांगते. ते मागच्या भिंतीला गोणपाटाखाली आहे. एक भंगारवाला दोनदा येऊन गेला. बाबांनी दुसऱ्यांदा त्याला जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही, पण तो तिसऱ्यांदा आला नाही. बाबा रोज दुपारी आपला डबा त्या मशीनवर ठेवून उभ्याने जेवतात. समोर टेबल रिकामं असतं. मी विचारलं, तर म्हणाले, "सवय हाय." बावीस वर्षांत त्यांनी त्या मशीनवर डबा ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही. तुम्ही ठेवू दिलाच नसता.

त्या जागी नवं मशीन आलं आहे. तुम्ही शनिवारी अकोल्याला गेलात आणि ते सोमवारी आलं. ते मी मागवलं. बाबांनी सही केली, पण कागद माझा. कारणं मी मागच्या वर्षीच लेखी दिली होती. आपल्या कटरची चकती झिजते, म्हणजे सकाळचं माप आणि संध्याकाळचं माप एक राहत नाही. कापलेल्या तोंडाला खरखरीत काट येतो, तो घासायला कापण्याहून दुप्पट वेळ जातो. पातळ नळी तापून निळी पडते. नव्या मशीनला चकती नाही, दात असलेली गोल पात आहे. आपली चकती मिनिटाला साडेतीन हजारांच्या वर फिरते. ही पात मिनिटाला पन्नासेक फेरे घेते, वरून गार पाणी सुटतं आणि नळीचं तोंड इतकं साफ निघतं की त्यावरून बोट फिरवता येतं. मी फिरवलं आहे. अचूकता हे ते घेण्याचं कारण, आणि तेवढंच.

ते बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आला होता. शांत मुलगा होता, येताना तरी. बाबांना नव्या मशीनवर नारळ फोडायचा होता. त्याने सांगितलं की मशीनवर नारळ फोडला तर वॉरंटी संपते. बाबा म्हणाले, नारळ फोडला नाही तर मशीन संपते. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर तोडगा निघाला, पूजा नव्या मशीनची आणि नारळ जुन्यावर. त्यामुळे तुमच्या कटरची त्या दिवशी, दसरे सोडले तर, बावीस वर्षांतली दुसरी पूजा झाली, हे तुमच्या कानावर असावं. कुंकू कुठे लावायचं हा पुढचा प्रश्न. आकडे दिसतात त्या काचेला लावू नका असं इंजिनिअर म्हणाला, तेव्हा बाबांनी बाजूचं लाल बटण निवडलं, कारण लालावर लाल, कोणाला दिसणार. ते बटण मशीन तातडीने बंद करण्याचं असतं. कुंकू लावताना ते दाबलं गेलं. इंजिनिअरने नंतर वीस मिनिटं वायरिंग तपासलं आणि नागपूरला दोन फोन केले. बाबांच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं तेव्हा तो मीटरचं झाकण काढत होता. (मी लगेच सांगितलं नाही. बाबा पाहुण्यांसमोर ओशाळले की दिवसभर गप्प राहतात. मी चहा आणायला गेले आणि परत येताना बटण फिरवून मोकळं केलं. मशीन चालू झालं. इंजिनिअरने ते आपल्या कौशल्यावर घेतलं, मीही घेऊ दिलं.)

या मशीनची खरी अडचण अशी निघाली की ते आवाज करत नाही आणि ठिणग्या उडवत नाही. आपल्या कटरला बंडूदादा उगाच 'फटाका' म्हणत नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं की पंजाबरावांकडे काम चालू आहे. आता लोक दारात येऊन विचारतात की आज सुट्टी का. बंडूदादा स्वतः, वीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, पहिल्या दिवशी नळी अर्धी कापून झालेली असताना मला म्हणाला, "ताई, चालू कवा करता?" अचलपूरचे एक काका फाटकाच्या कामाला आले होते. त्यांनी पाच मिनिटं पातीकडे पाहिलं, मग बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "काहो, हे कापून राह्यलं का चाटून राह्यलं?" आणि गार पाण्यात तेल मिसळलेलं असतं, त्यामुळे ते दिसतं पांढरं. बंडूदादा त्याला ताक म्हणतो. आई डबा घेऊन आली तेव्हा तो तिला म्हणाला, "वहिनी, मशीनचं जेवण झालं, आता ताक पिऊन राह्यली." आईने खरंच वाकून वास घेतला.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. सकाळी पहिली नळी लावताना तुम्ही बिस्मिल्ला म्हणता. तुम्ही गेल्यावर ते कोण म्हणणार यावर कोणी काही ठरवलं नव्हतं. नव्या मशीनसमोर मंगळवारी सकाळी सगळे उभे राहिले आणि कोणी बटण दाबेना. शेवटी बंडूदादाने टोपी सरळ केली आणि म्हणाला, "उस्मानचाचाच्या तर्फे बिस्मिल्ला." आता रोज तसंच म्हणतो. 'तर्फे' वगळत नाही. अधिकार नसताना सही करू नये, एवढं त्याला कळतं.

आता मुख्य प्रकरण. तुम्ही जायच्या आधी नांदगाव खंडेश्वरला जाऊन केशवराव गुरुजींच्या अभ्यासिकेचं माप घेऊन आला होता. (गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत. घरातली लांब खोली त्यांनी स्पर्धापरीक्षेच्या मुलांना अभ्यासाला दिली आहे, तिथे एका भिंतीला आठ टेबलं ओळीने बसवायची होती.) कोपऱ्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत भिंत चोवीस फूट एक इंच. आठ टेबलं, प्रत्येकी तीन फूट, वरचा एक इंच मोकळा. माप चोख होतं. चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात आडव्या नळीचं माप होतं, ३-०-१. तीन फूट, शून्य इंच, एक सूत.

(सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून जरा जास्त. तुझे नाना कापताना नेहमी एक सूत जास्त ठेवतात, कारण चकती तेवढं खाते. त्यांचं म्हणणं, "कमी पडलं तं कोनाच्या बापाच्यानं वाढत नाई, जास्त झालं तं घासून घेता येते." आमच्या कारखान्यात हा कायदा आहे. भिंतीवर लिहिलेला नाही, म्हणून मोडताही येत नाही.)

ती चिठ्ठी बाबांनी फळ्यावर उतरवली. उतरवताना त्यांच्या मनात आलं की उस्मानभाई राहिला असता तर त्याने एक सूत सोडलं असतं. तुम्ही ते चिठ्ठीतच सोडलं होतं, पण बाबांनी तुमच्या गैरहजेरीचा मान ठेवून आणखी एक सोडलं. फळ्यावर ३-०-२ झालं. फळ्यावरून बंडूदादाने मला माप वाचून दाखवलं. त्याच्या मते वेल्डिंग गार होताना नळी ओढून घेते, आणि शिवाय चाचा इथे नाहीत. त्याने वाचलं, "तीन फूट, तीन सूत." वाचताना त्याचा चेहरा अगदी सरळ होता. आणि मशीनमध्ये जो आकडा गेला तो ९२७.१ मिलिमीटर. हे तीन फूट चार सूत होतात. म्हणजे तीन सुतांचे मालक सापडले आहेत, चौथ्याचा तपास चालू आहे.

मशीनने कुरकुर केली नाही. त्याला ९२७.१ सांगितलं, त्याने एकेक नळी ९२७.१ कापली, केसाचाही फरक नाही. आपल्या कटरवर कापलं असतं तर कुठे एक सूत वर, कुठे अर्धं खाली झालं असतं, आणि एकाची चूक दुसऱ्याने झाकली असती. अचूक मशीनचा हा तोटा कुठल्याही माहितीपत्रकात दिलेला नाही, ते आपली चूकसुद्धा अचूक करतं.

रविवारी टेबलं टेम्पोत घालून आम्ही तिघं नांदगावला गेलो. रंग छान बसला होता. कोपऱ्यापासून लावायला सुरुवात केली. पाचव्या टेबलापर्यंत बाबा गुरुजींना मशीनचं वर्णन सांगत होते. सातव्याला ते गप्प झाले. आठवं टेबल दाराच्या चौकटीच्या पुढे तीन इंच आलं. टेबलामागे अर्धा इंच याप्रमाणे आठ टेबलांचे चार इंच, त्यातला एक तुम्ही मोकळा सोडलेला, म्हणून तीन. तुमचा तो इंच नसता तर चार आले असते, हे मी तिथेच बाबांना सांगितलं. त्यांना त्याचा उपयोग झाला नाही.

गुरुजी दारातून आत यायला निघाले आणि टेबलाचा कोपरा त्यांच्या बरोबर कमरेला लागला. ते मागे सरले, आडवे झाले आणि खेकड्यासारखे आत आले. मग म्हणाले, "पंजाबराव, पोट्टे परीक्षेत आडवे होतात ते म्या पाह्यलं हाय. अभ्यासाले आडवं होऊन जाचं हे नवीन काढलं तुमी." बाबांनी सुचवलं की हे शेवटचं टेबल तेवढं चार इंच अरुंद करून देतो, एखाद्या बारीक पोराला चालेल. गुरुजी म्हणाले, "बारीक पोरगं अभ्यास करते, पुढच्या वर्षी नोकरी लागते, जाते. मंग मी दरवर्षी बारीकच पोरगं पाहू का?"

मग त्यांनी कपाटातून शाळेतली लाकडी पट्टी काढली, एक टेबल मोजलं आणि आमच्याकडे वळले. "हे अर्धा इंच कोनाचं?" पट्टी आमच्या तिघांवरून फिरली. "एकेक सांगा. खरं सांगन त्याले काई करत नाई." तुम्हाला ठाऊक आहे की बंडूदादा नांदगावचा, चौथीपर्यंत गुरुजींच्याच हाताखाली होता. तो आज बेचाळीस वर्षांचा आहे, त्याची मुलगी बारावीला आहे. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, म्हणाला, "एक सूत माहं, गुरुजी," आणि उजवा हात तळवा वर करून पुढे धरला. गुरुजींनी पट्टी उचलली नाही, पण उचलावी की काय असं त्यांच्या मनात येऊन गेलं, ते मला दिसलं. मग बाबा म्हणाले, "एक माहं." मग दोघांनी मिळून तुमचं एक सांगितलं. गुरुजींनी बोटं मोजली. "तीन झाले. चौथं?" बाबा आणि बंडूदादा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं की मशीनच्या नोंदी तपासून कळवते. गुरुजी म्हणाले, "हे शिकलेलं उत्तर हाय."

आठही टेबलं परत आणली. एकच अरुंद करायचं नाही, आठही सोडवायची, असं मी ठरवलं. सोमवारपासून बुधवारपर्यंत वेल्डिंग सोडवली, नळ्या पुन्हा कापल्या, पुन्हा जोडल्या. फळा पुसून टाकला. माप मी स्वतः चिठ्ठीवर लिहिलं, तीन फूट, पुढे काही नाही, आणि चिठ्ठी दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही. बंडूदादा मागे उभा राहून दर नळीला श्वास सोडत होता. "ताई, सूतभर तं ठेवा, बोडखी वाटते नळी." मी ठेवलं नाही. काल टेबलं नेली. कोपऱ्यापासून आठवं टेबल लागलं आणि चौकटीच्या अलीकडे एक इंच उरला. तुमच्या मापाप्रमाणे, बरोबर एक. गुरुजींनी त्या फटीत पट्टी उभी घालून पाहिली. मग विचारलं, "उस्मान कवा येऊन राह्यला?" बाबा म्हणाले, डोळा बरा झाला की. गुरुजी म्हणाले, "भिंतीचं माप त्यानं एकट्यानं घेतलं होतं. एका डोळ्यानं." आणि पट्टी कपाटात ठेवली.

परत येताना टेम्पोत कोणी काही बोललं नाही. आम्ही कारखान्यात कधीच फार बोलत नाही, पण ते तुम्ही असताना. तुम्ही बोलत असता म्हणून ते कळत नाही.

(माहेनूर, मागचं वाक्य कंसात घालायचं राहिलं. वाचून झालं असेल तर राहू दे. आणि कंससुद्धा तू मोठ्यानेच वाचते आहेस, याचा मला दुसऱ्या पानापासून अंदाज आहे. मी तुझ्या वयाची असताना तेच केलं असतं.)

बाकी सर्व क्षेम. अकीलाआपांना सलाम, मोठ्यांना नमस्कार, माहेनूरला अभ्यास. औषध वेळेवर घ्यावं, उन्हात बसू नये. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर तो घास आईच्या लोणच्याबरोबर गिळावा.

आपली,
अपेक्षा

ता.क. तपास पूर्ण झाला. चौथं सूत माझं आहे. पातीची जाडी धरायला हवी असं वाटून मी तेवढं माप वाढवलं. या मशीनवर पातीची जाडी उरलेल्या नळीतून जाते, तुकड्यातून जात नाही. हे इंजिनिअरने पहिल्या तासाला शिकवलं होतं आणि मी वहीत लिहून घेतलं होतं. शिवाय पात अडीच मिलिमीटर जाड आहे आणि मी वाढवले ३.१७५. हा आकडा माझ्या तीन वर्षांच्या डिप्लोमात कुठे नाही. सहावीत असताना शाळा सुटल्यावर मी तुमच्याजवळ उलट्या डब्यावर बसून टेप धरायचे, तिथला आहे. बोटांनी तो आपोआप दाबला. गुरुजींना मी आज वेगळं पत्र टाकते आहे.

दुसरा ता.क. मशीन अचूकतेसाठी घेतलं, असं वर लिहिलं आहे. ते खरं आहे, पण पुरं नाही. कटरच्या ठिणग्या किती लांब जातात ते मी मार्चमध्ये टेपने मोजलं, दोन मीटर दहा सेंटिमीटर. कापताना तुमचा डोळा चकतीपासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर असतो, आणि चष्मा कपाळावर. त्या डोळ्यात आता नवं भिंग बसवलं आहे. तुम्हाला त्याच मशीनसमोर परत उभं राहताना पाहणं मला जमलं नसतं. दोन कंपन्यांची मशीनं सारखीच होती. एकीच्या काचेवरचे आकडे सात मिलिमीटर उंच, दुसरीचे वीस. मी वीसवाली घेतली. बाबांना सांगितलं की तिची मोटर चांगली आहे. मोटर दोन्हींची एकच आहे.

कंपनीच्या नोंदणी अर्जात 'मुख्य ऑपरेटर' असा रकाना होता. त्यात मी तुमचं नाव भरून पाठवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. नाव बदलायचं असेल तर कारखान्याच्या शिक्क्याचं पत्र लागतं. शिक्का माझ्या कपाटात आहे आणि तो मी देणार नाही.

तिसरा ता.क. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. पत्ता विचारायला बाबांकडे गेले, तर ते म्हणाले, "मशीनचं लिहिलं का त्यात? उस्मानभाईले ठाऊक हाय ते." मी विचारलं, कधीपासून. तेव्हा कळलं की ऑपरेशनची तारीख तुम्ही मुद्दाम पंधरा दिवस अलीकडे घेतली होती. जाताना बाबांना सांगून गेलात म्हणे, "मी समोर राह्यलो तं पोरगी माह्या तोंडाकडं पाहीन अन् मशीन परत पाठवीन. मी नसतानी येऊ द्या." शिवाय बाबांना सांगून ठेवलं होतं, की किती दिवसांनी सांगते ते पाहू. अकरा दिवस लागले.

म्हणजे हे पत्र लिहायची गरज नव्हती. तिकीट लावून झालं आहे म्हणून पाठवते आहे. रागावले आहे, त्याबद्दल समोर बोलू.

मंगळवारी डॉक्टर तपासतील. बुधवारी सकाळच्या बसने निघा, खिडकी डावीकडची घ्या, उजवीकडे ऊन येतं. पिशवी कंडक्टरला उतरवायला सांगा, तुम्ही उचलू नका. मी स्टँडवर साडेदहापासून उभी असेन.